ताकसांडेंचं स्पेअर कार्ड

आमच्या दवाखान्यात टेलिफोनच्या मशीनला नमस्कार करणारा एक माणूस महिन्यातून दोनदा यायचा. निदान सिस्टर लोकांची तशी समजूत होती. पन्नाशीचा, काटकुळा, वर्ध्याच्या मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावून घालणारा. माझ्या केबिनच्या दाराशी चपला काढायचा, भिंतीवरच्या राखाडी पेटीचं झाकण उघडायचा आणि आतल्या कशालाही हात लावण्याआधी पेटीच्या लोखंडी अंगावर तळहात टेकवून उभा राहायचा. एका नव्या सिस्टरने एकदा विचारलंच, "काका, आत कोणता देव बसवला जी?"

"देव गिव काई नाई बाई. अंगातली बिजली काढून राह्यलो. आपल्या अंगात असते थोडीशी. आपल्याले समजत नाई, पण तेवढ्यानं कार्ड मरते."

हे अशोक ताकसांडे. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला कुंदाताई. मी त्या दवाखान्याची टेलिफोन ऑपरेटर. वर्ध्याहून आर्वीकडे जाताना लागणारा, एका ट्रस्टचा, साठ खाटांचा दवाखाना. नाव सांगत नाही. ते सांगायला जी हिंमत लागते ती माझ्यात वेळेवर नव्हती, आता उसनी आणून काय करू?

भाऊ आमचं एक्स्चेंज सांभाळायचे. एक्स्चेंज म्हणजे तीच राखाडी पेटी. बाहेरून एक डिजिटल लाइन यायची आणि पेटीतल्या एका हिरव्या कार्डात शिरायची. कार्ड वहीच्या पानाएवढं, पण त्यातून एकाच वेळी तीस जणांना बोलता यायचं. पेटीत बाकी कार्डंही होती, वॉर्डांची, ऑपरेशन थिएटरची, औषधाच्या खिडकीची. पण बाहेरचं जग आत यायचं ते ह्या एकाच कार्डातून. ते गेलं की दवाखान्याचा नंबर मेला.

मोबाइल आल्यावर त्या नंबराचं काय एवढं, असं नव्या डॉक्टरांना वाटायचं. त्यांनी आमच्या भागातल्या भिंती पाहिल्या नव्हत्या. आसपासच्या खेड्यांत शाळेच्या भिंतीवर, पिठाच्या चक्कीवर, विहिरीच्या कठड्यावर आमचा नंबर निळ्या रंगात लिहिलेला होता. साप चावला, बाळंतपण अडलं, फोन करा, जीप येईल. आणि जीप यायची. जीपमध्ये डॉक्टर आणि इंजेक्शन असायचं. लोकांना दवाखान्याचं नाव नीट सांगता यायचं नाही, नंबर मात्र पोरासोरांना पाठ होता.

कंपनीने ही कार्डं बनवणं केव्हाच बंद केलं होतं. जिल्ह्यात अशी जुनी एक्स्चेंज नऊ ठिकाणी उरली होती, आणि नऊही ठिकाणी भाऊच. कुठे कापसाचं जिनिंग, कुठे दालमिल, कुठे कॉलेज. नव्या कार्डांचं नाव नाही, म्हणून भाऊंनी आपली एक पद्धत बसवली होती. एका ठिकाणचं कार्ड नागपूरला दुरुस्तीला गेलं की दुसऱ्या ठिकाणचं स्पेअर तिथे न्यायचं, तिकडचं आलं की परत आणायचं. कॉलेजचं कार्ड उन्हाळ्याच्या सुट्टीत दालमिलमध्ये, दालमिलचं पावसाळ्यात कॉलेजात. शेजारणी जशी एकच इस्त्री घरोघर फिरवतात तशी ही कार्डं जिल्हाभर फिरायची. मालकांना अर्ध्या वेळा पत्ताही नसायचा. भाऊ विचारायचे ते ऑपरेटरला. "ताई, नेऊ का?" ऑपरेटर हो म्हणाली की झालं. आमच्या ह्या छोट्या जगात कागदावर काही नव्हतं, आणि कधी काही अडलं नाही.

फक्त दवाखान्याचं स्पेअर फिरायचं नाही. हा नियम त्यांनीच केलेला. ते माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात, त्यांच्या बायकोच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं असायचं. नायलॉन चालत नाही, सुतीच पाहिजे. मी एकदा चिडवलं, "वहिनीले माहीत हाये का, तिचे लुगडे कुठं कुठं फिरून राह्यले ते?"

"तिनंच फाडून देल्ले," ते म्हणाले. थट्टा त्यांना कळायची, पण तिला उत्तर द्यायला वेळ लागायचा. मी हसून मोकळी झाल्यावर ते हसायचे.

प्रत्येक कार्डाच्या पाठीवर कागदाची एक पट्टी चिकटवलेली. कधी बिघडलं, का बिघडलं, कुठून कुठे गेलं, सगळं बारीक अक्षरात. मी तिला कुंडली म्हणायची. ते म्हणायचे, "कुंडली नोका म्हनू ताई, सर्व्हिस बुक म्हना. कुंडलीत पुढचं लिवते, यात मागचं. आणि मागचं खोटं लिवता येत नाई."

त्यांचं चरित्र मला फार माहीत नाही. आयटीआय केलं होतं, काही वर्षं पुण्यात एका कंपनीत काढली, आई थकली म्हणून परत आले. सिंदी मेघेला दोन खोल्यांचं घर, दिवाणखान्यात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली मल्टिमीटर. एवढंच. पण काम करताना त्यांना पाहणं ही एक गोष्ट होती. कार्डाचे पितळी दात ते शाळेतल्या खोडरबराने पुसायचे, हलक्या हाताने, एकाच दिशेने. नागपूरचा एक टाय घातलेला विक्रेता आमच्याकडे नवी यंत्रणा खपवायला आला होता तेव्हा कार्ड बंद होतं. तो म्हणाला, हे आता भंगार आहे. भाऊंनी कार्ड काढलं, खोडरबर फिरवलं, फुंकर मारली, परत बसवलं. हिरवा दिवा लागला. विक्रेत्याने आपली पुस्तिका बॅगेत ठेवली. भाऊ त्याला म्हणाले, "तुमचं मशीन चांगलंच असन साहेब. पण आधी पुसून पाहाव." त्यात टोमणा नव्हता, खरोखरच सल्ला होता.

कार्ड बसवलं की ते तपासायचे, आणि ह्या तपासण्याने मला वीट आणला होता. तीस जण बोलू शकतात म्हणजे तीस वाटा. ह्या तीसही वाटा ते एकेक करून पाहायचे. स्वतःच्या मोबाइलवरून माझ्या टेबलावर फोन लावायचे, समोर उभे राहून. मी उचलायची. "आवाज येते का ताई?" "येते." कट. दुसरा. "आवाज येते का ताई?" तीस वेळा. दहाव्याला मी कंटाळायची, विसाव्याला चिडायची. एकदा मी म्हणाले, "भाऊ, एकोणतीस चालले, आता तिसावं काय वेगळं राहते?"

"ज्याचा फोन तिसाव्यावर येईन, त्याले हे सांगसान का?"

मी गुपचूप फोन उचलला.

आमच्या ट्रस्टच्या सचिवांना भाऊ आवडायचे नाहीत, त्याला कारण होतं. एका वर्षी नर्सेसमध्ये संपाची कुजबुज सुरू होती. सचिवसाहेबांनी भाऊंना माझ्यासमोरच सांगितलं, "ताकसांडे, वॉर्डातून कोण कोणाशी काय बोलतं, ते मला माझ्या टेबलावर ऐकता आलं पाहिजे. मशीनमध्ये तशी सोय असते, मला माहीत आहे."

"सोय हाये साहेब. पण मी करून देणार नाई."

"का?"

"मी फोन जोडून देणारा माणूस हाओ. ऐकाची वेवस्था पायजे असन तर दुसरा माणूस पाहा."

आवाज चढला नाही, मान खाली गेली नाही. त्या दिवसापासून सचिवसाहेबांनी त्यांना बसायला खुर्ची देणं बंद केलं. भाऊंच्या हे लक्षातही आलं नसावं. ते तसेही उभ्यानेच काम करायचे.

आता तो दिवस सांगायला हवा. इतका वेळ मी टाळत होते, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल.

नोव्हेंबर होता. कापूस घरी यायचा मोसम. सकाळी दहाच्या सुमाराला भाऊ आले ते घाईत. हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगचं कार्ड गेलं होतं. फाटकावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, वजनकाट्यापासून ऑफिसपर्यंत सगळे फोन बंद, व्यापाऱ्यांचे फोन लागत नव्हते, मॅनेजर सकाळपासून ओरडत होता. भाऊंची बाकी सगळी स्पेअर कार्डं त्या आठवड्यात बाहेर होती. ते माझ्या कपाटासमोर उभे राहिले. म्हणाले, "ताई, पह्यल्यांदाच इचारून राह्यलो. हे दोन दिवसासाठी नेऊ का? त्याईचं कार्ड नागपूरवरून आलं का लगेच आणून देतो. तुमी नाई म्हनसान तर नाई नेत."

मी संत्रं सोलत होते. म्हणाले, "न्या हो भाऊ. इथं काय कोणी मरून राह्यलं?"

"असं बोलू नोका ताई," ते म्हणाले. मी हसले आणि संत्र्याची एक फोड पुढे केली. त्यांनी ती घेतली, कार्ड शर्टाच्या आत पोटाशी ठेवलं आणि गेले.

दुपारी एकच्या सुमाराला वीज गेली. जनरेटर सुरू झाला. थोड्या वेळाने वीज परत आली ती असा झटका देऊन की ओपीडीतल्या दोन ट्यूबलाइट फुटल्या. माझ्या केबिनमध्ये जळका वास आला. पेटी उघडून पाहिलं तर हिरवा दिवा गेलेला. बाहेरचा फोन मेला. अशा वेळी काय करायचं ते भाऊंनी मला शिकवून ठेवलं होतं. तळहात पेटीवर टेकवायचा, दोन खटके दाबायचे, जुनं ओढायचं, स्पेअर सरकवायचं. दहा मिनिटांचं काम, मी दोनदा केलंही होतं. मी सवयीने कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात नुसता लुगड्याचा तुकडा पडलेला होता.

मी माझ्या मोबाइलवरून भाऊंना फोन केला. ते जिनिंगमध्ये होते, कार्ड बसवून तीस फोनांची तपासणी करत होते. मी सांगितलं. ते "निघालो" एवढंच म्हणाले. तिथलं कार्ड उपटलं आणि मोटरसायकलवर बसले. साठेक किलोमीटरचा रस्ता, त्यात सगळीकडे कापसाच्या गाड्या, पोचायला सव्वाचार वाजले. दाराशी चपला न काढता आत आलेले मी त्यांना एवढं एकदाच पाहिलं. तळहात मात्र टेकवला. कार्ड बसलं, दिवा लागला. त्यांनी मोबाइल काढला आणि तपासायला सुरुवात केली. "आवाज येते का ताई?" "येते."

अकराव्या फोनला फाटकातून ट्रॅक्टर आत आला.

ट्रॉलीत कापसाच्या गंजीवर एक बाई निजवलेली होती. वंदना तिचं नाव, वय तिशीच्या आतलं. दीड वाजता कापूस वेचताना साप चावला होता. गाव रोहण्याच्या अलीकडचं, आमच्या जीपला तिथे पोचायला वीस मिनिटं लागायची. जीप दिवसभर अंगणात कडुलिंबाखाली उभी होती आणि ड्रायव्हर आत झोपलेला होता. डॉक्टरांनी बाईला तपासलं आणि हात बाजूला घेतले. तिचा नवरा कैलास दारातल्या प्रत्येकाला एकच सांगत होता, वॉर्डबॉयला, झाडूवालीला, मला. "फोन लावलतो जी. चार खेपा लावलतो. नुसतं टूं टूं करे. मंग गाडी पाहाले गेलतो."

भाऊ माझ्या केबिनच्या दारात उभे होते. हातातला मोबाइल तसाच होता. राहिलेले एकोणीस फोन त्यांनी लावले नाहीत.

तेरवी झाल्यावर कैलास परत आला. भांडायला नाही. आमच्याकडचे लोक भांडायला येतात तेव्हा चार जण घेऊन येतात, हा एकटा आला होता. सचिवसाहेबांच्या टेबलापुढे उभा राहिला, खिशातून मोबाइल काढला आणि त्यातले चार फोन दाखवले. "नंबर बराबर हाये ना साहेब? मंग काऊन नाई लागला?"

साहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले, "नंबर बरोबर आहे. आमचा फोन दिवसभर चालू होता. तुझ्या गावात रेंज नसते."

"वावरात नसते जी. पाण्याच्या टाकीजवळ येते."

"मग टाकीजवळ जाऊन लावायचा होता." एवढं बोलून साहेब माझ्याकडे वळले. मी रजिस्टर घेऊन आले होते. "काय कुंदाताई, चालू होता ना फोन?"

मी "हो" म्हणाले. माझ्या नोकरीची चार वर्षं उरली होती. ह्यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

कैलासने मोबाइल खिशात ठेवला. "मले वाटलंच," तो म्हणाला. "टाकीवर चढाले पायजे होतं. एवढी अक्कल नाई आली त्या टायमाले." आणि दाराबाहेर जाऊन चपला घालू लागला. त्याला डाव्या पायातली चप्पल सापडेना, ती त्याच्या समोरच होती.

त्यानंतर रोज दुपारी दीडच्या सुमाराला माझ्या टेबलावर एक फोन यायला लागला. मी "नमस्कार, दवाखाना" म्हणायची की कट. कधी एकदा, कधी पाच-सहा वेळा. मला वाटलं कोणी टवाळ पोरगं असेल. मी दोन शिव्याही घातल्या. कोण आहे ते पुढे समजलं, तेव्हा त्या शिव्या परत घ्यायला काही मार्ग उरला नव्हता.

आठ-दहा दिवसांनी साहेबांनी भाऊंना बोलावलं. टेबलावर एक छापील कागद होता. त्या तारखेला टेलिफोन यंत्रणा दिवसभर सुरळीत चालू होती, खाली देखभाल करणाऱ्याची सही. भाऊंनी उभ्यानेच तो दोनदा वाचला.

"हे खरं नाई साहेब. सव्वा एकपासून साडेचारपर्यंत फोन बंद होता."

"वीज गेल्यामुळे बंद होता. त्यात तुमचा काय दोष? मी तुम्हालाच वाचवतोय ताकसांडे."

"एक कार्ड बिजलीनं जळलं. दुसरं मी घेऊन गेलतो. थे इथं असतं तर दहा मिनटात फोन चालू होत होता."

साहेबांचा चेहरा बदलला. स्पेअर बाहेर गेलं होतं, हे त्यांना तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. "कोणाला विचारून नेलं?"

मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. ह्या माणसाने कार्डाच्या पाठीवरसुद्धा कधी खोटं लिहिलं नाही, आता हा माझं नाव घेणार, आणि ते घेणं त्याच्या दृष्टीने अगदी साधं असणार, असं मला वाटलं.

"कोणालेच नाई," भाऊ म्हणाले. "माह्या मनानं नेलं."

ते माझ्याकडे बघत नव्हते. कागद त्यांनी सही न करता टेबलावर ठेवला आणि त्यावर पेपरवेट ठेवलं.

मी फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेले. "भाऊ, काऊन असं केलं? म्या न्या म्हनलं होतं."

"तुमी म्हनलं, पण नियम माहा होता ताई. माह्याच हातानं मोडला." मग त्यांनी विचारलं, "त्या माणसाले काय सांगतलं साहेबानं?"

मी सांगितलं. रेंजचं, टाकीचं. आणि मी हो म्हणाले तेही. भाऊंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "थो आता रोज त्या टाकीवर चढत असन."

दुसऱ्या दिवशी ते कैलासच्या गावी गेले. एकटेच. तिथे काय झालं ते मला आमच्या जीपच्या ड्रायव्हरने सांगितलं, त्याची बहीण त्या गावात दिलेली आहे. कैलास खरोखरच पाण्याच्या टाकीच्या शिडीवर होता. दुपारी दीड वाजता, हातात मोबाइल. रोज तो वेगवेगळ्या जागेवरून आमचा नंबर लावून बघायचा. शेताच्या धुऱ्यावरून, बाभळीखालून, वंदना पडली होती त्या कापसाच्या ओळीतून, टाकीच्या पहिल्या पायरीवरून, पाचव्या पायरीवरून. कुठून लागला असता, ते शोधत होता. माझ्या टेबलावर कट होणारे फोन ते हे.

भाऊंनी त्याला खाली बोलावलं आणि सगळं सांगितलं. एक कार्ड जळालं, दुसरं मी नेलं होतं. कैलासच्या थोरल्या भावाने पुरतं ऐकूनही घेतलं नाही, भाऊंच्या कानाखाली दिली. चष्मा दगडावर पडून फुटला. लोक जमले. कोणी जात काढली, कोणी दवाखाना जाळायची भाषा केली. भाऊ हलले नाहीत. कैलासने भावाला अडवलंही नाही आणि साथही दिली नाही. त्याने एवढंच विचारलं, "म्हंजे टाकीवरूनही लागला नसता?"

"नाई."

"कुठूनच?"

"कुठूनच नाई. तुमी कुठंही उभे राह्यले असते तरी नसता लागला."

तेव्हा कैलास शिडीच्या पायथ्याशी बसला आणि रडला. बायको गेल्यापासून तो रडला नव्हता म्हणे. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आता जा तुमी. परत ह्या गावात नोका येऊ."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावरचा दीड वाजताचा फोन बंद झाला.

पुढचं सांगायला फार नाही. कैलासने तक्रार केली नाही. दवाखान्याने भाऊंना काढलं, आणि मग बाकीची ठिकाणंही एकेक करून सुटली. काहींनी सचिवसाहेबांचं ऐकून सोडलं. काहींना तर भाऊंनीच जाऊन सगळं सांगितलं, की तुमचं कार्ड अमुक वेळी तमुक ठिकाणी होतं, तुम्हाला न विचारता. एवढं खरं कोणाला हवं असतं? त्यांनी सगळी कार्डं ज्याची त्याला पोचती केली, पाठीवरच्या पट्टीसकट. आमच्याकडे इंटरनेटवर चालणारी नवी यंत्रणा आली. राखाडी पेटी भंगारवाल्याने हातगाडीवर नेली तेव्हा मी औषधाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

चार वर्षं मी भाऊंना भेटले नाही. सिंदी मेघे माझ्या घरापासून ऑटोने पंधरा मिनिटं. एक जुनी सहकारी म्हणून मी सहज जाऊ शकले असते. नव्या वर्षाला जाईन, बाबासाहेबांच्या जयंतीला जाईन, असं करत चार वर्षं गेली. ह्या जूनमध्ये निवृत्त झाले. निरोप समारंभात सचिवसाहेब माझ्या प्रामाणिक सेवेबद्दल चार वाक्यं बोलले आणि त्यांनी मला शाल दिली. त्या शालीने मला दोन दिवस जेवू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ऑटो केला.

घरी वहिनी होत्या. त्यांनी काही न विचारता पत्ता सांगितला. दोन गल्ल्या पलीकडे एक नवी अपार्टमेंट झाली आहे, तिच्या फाटकाशी भाऊ बसले होते. निळा युनिफॉर्म, तोही पूर्ण बाह्यांचा. प्लास्टिकची खुर्ची, शेजारी स्टुलावर वही. केस पार पांढरे झाले होते. मला पाहून ते उठले आणि मला खुर्ची दिली.

"ताई, सुटल्या म्हनते नोकरीतून? ऐकलं."

मी सगळं एका दमात बोलले. की मी आता मोकळी आहे, मला कोणाची भीती नाही. की मी कैलासच्या गावी जाते आणि सांगते, न्या म्हणणारी मी होते, फोन चालू होता असं खोटं सांगणारीही मीच होते. की तुम्ही एकट्याने का भोगायचं? बोलता बोलता मी रडायला लागले. दुसऱ्या मजल्यावरून एक बाई वाकून बघत होती.

भाऊंनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "ड्रायव्हर भेटते मले कधी कधी. सांगत राह्यते. थो कैलास आता वावर पाहाते, पोराले शाळेत नेऊन सोडते. माह्या नावानं शिव्या देते, पण झोपते. म्या त्याले एक नाव देल्लं ताई. थे घेऊन थो कसाबसा जगून राह्यला. आता तुमी जाऊन दुसरं नाव देसान, मंग थो पुन्हा सुरवातीपासून मोजत बसन. तुमचं मन हलकं होईन. त्याचं काय?"

"मंग म्या काय करू?"

"मले नाई माहीत," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण धीरही नव्हता. माझ्यासाठी त्यांच्याजवळ काही शिल्लक नव्हतं, आणि ते असावं अशी अपेक्षा करणारी मी कोण?

फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला. भाऊ गेले, दोन्ही हातांनी जड फाटक ढकललं, गाडी आत गेल्यावर ओढून लावलं. मग स्टुलाशी येऊन वहीत गाडीचा नंबर आणि वेळ लिहिली, घड्याळ बघून, बारीक अक्षरात. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी उठले. परतीचा ऑटो एसटी स्टँडवरून गेला. आर्वीची गाडी फलाटाला लागलेली होती, कंडक्टर रोहण्याचं नाव घेऊन ओरडत होता, खिडकीच्या जागासुद्धा रिकाम्या होत्या. मी ऑटो थांबवला नाही. तो भाऊंनी नको म्हटलं म्हणून थांबवला नाही, की ते माझ्या सोयीचं होतं म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.